च्यांगयोंगच्या बायकांची काव्यपत्रं आणि माझा चिनीतला प्रबंध: अर्जापासून पदवीपर्यंत

मे 2025 मध्ये चीनमधल्या चांगशाच्या विद्यापीठात माझ्या एम.ए.च्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि जूनअखेर पदवी हातात पडली. हुनान प्रांताच्या दक्षिण टोकाला च्यांगयोंग नावाचा भाग आहे. तिथल्या बायका मैत्रिणीच्या लग्नात तिला न्यूशू नावाच्या आपल्या वेगळ्या लिपीत, पद्यात पत्र लिहून द्यायच्या. माझा विषय ही पत्रं, आणि तुलनेला आपल्या जात्यावरच्या ओव्या. परत आल्यापासून चिनी शिकणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलं की अर्ज कसा करायचा, प्रबंध चिनीतून झेपतो का, बायकांच्या कवितेवर काम करायचं तर सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं ओळीने लिहून काढते.

पुण्यात चिनी शिकत मी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी पार केली होती. साहित्याचं एम.ए. चिनी माध्यमातून करायचं तर बहुतेक विद्यापीठं किमान तेवढी मागतात. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वाटा आहेत: एक आपल्या शिक्षण मंत्रालयामार्फत, दुसरी थेट तिथल्या विद्यापीठामार्फत. मी दुसरीने गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये अर्ज भरला. शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि विमा धरलेला असतो, आणि एम.ए.ला महिना 3000 युआन हातखर्चाला मिळतात. चांगशात कँटीनमध्ये जेवलं तर त्यात नीट भागतं, थोडे शिल्लकही पडतात.

कागदपत्रांत दोन गोष्टींना वेळ जातो. पहिली म्हणजे पोलिसांचा दाखला. तो पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून काढायचा, शुल्क 500 रुपये, पण पडताळणीला स्थानिक ठाण्यात खेपा होतात. दुसरी म्हणजे वैद्यकीय तपासणीचा ठरावीक नमुन्यातला फॉर्म. एक्स-रे, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या तर असतातच, शिवाय तुमच्या फोटोवर रुग्णालयाचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा उमटलेला लागतो. एकही रकाना रिकामा चालत नाही. तपासणी सहा महिनेच ग्राह्य धरतात, म्हणून ती फार आधी उरकू नका. शिफारसपत्रं दोन लागतात आणि ती प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक पदावरच्या व्यक्तींची असावी लागतात. हे पद पत्राखाली स्पष्ट लिहून घ्या. अभ्यासाचा आराखडा मी ली छिंगचाओवर लिहिला होता. सोंग काळातली (दहावं ते तेरावं शतक) ही कवयित्री प्रत्येक चिनी पाठ्यपुस्तकात असते, त्यामुळे तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटलं.

निवड झाल्याचं जुलैत कळलं. पण साथीमुळे प्रवासाचं काही खरं नव्हतं, म्हणून पहिलं सत्र ऑनलाइन झालं. तिकडे सकाळी आठचा तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. साताऱ्याच्या घरात सगळे झोपलेले असताना मी हेडफोन लावून थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) कविता ऐकत बसायची. प्रवास घडला नाही याचं दुःख होतंच, पण त्या पहाटेच्या तासांनी मला जे दिलं ते नंतर कुठल्याच वर्गात मिळालं नाही.

स्त्री-साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या आमच्या लाओशींनी (तिकडे शिक्षकांना असंच म्हणतात) पहिल्याच आठवड्यात नवव्या शतकातल्या यू श्वानजीची चार ओळींची कविता घेतली. शाही परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावं एका देवळाच्या मनोऱ्यात झळकली आहेत आणि ती खाली उभी राहून ती वाचते आहे. शेवटच्या दोन ओळींत ती म्हणते की माझ्या रेशमी वस्त्रांनी माझी कविता झाकून टाकली याचाच मला राग येतो, मान वर करून त्या यादीतल्या नावांचा नुसता हेवा करायचा. ती परीक्षा 1905 मध्ये बंद होईपर्यंत बायकांना तिची दारं कधी उघडलीच नाहीत. म्हणजे यू श्वानजीनंतरही हजार-एक वर्षं चीनमधली प्रत्येक हुशार मुलगी त्या यादीच्या खालीच उभी होती. शिष्यवृत्तीच्या यादीत आपलं नाव शोधून जेमतेम दोन-तीन महिने झालेले असताना ही कविता वाचणं मला जड गेलं.

ली छिंगचाओला आम्ही तीन आठवडे दिले. तिची सगळ्यात प्रसिद्ध रचना सलग सात जोडशब्दांनी सुरू होते: शोध शोध, गार गार, उदास उदास अशा चढत्या क्रमाने. लाओशी ती म्हणून दाखवत तेव्हा ऑनलाइन वर्गातही कुणी हलत नसे. पण मला जास्त हलवलं ते तिच्या आयुष्यातल्या एका खटल्याने. नवरा चाओ मिंगचंग 1129 मध्ये गेला. उत्तरेकडून आलेल्या आक्रमणामुळे ती दक्षिणेकडे पळत होती आणि दोघांनी आयुष्यभर जमवलेला पुस्तकांचा, शिलालेखांच्या ठशांचा संग्रह वाटेत हातून सुटत गेला. 1132 मध्ये तिने दुसरं लग्न केलं, आणि तो माणूस वाईट निघाल्यावर त्याने नोकरीसाठी केलेली लबाडी सरकारदरबारी उघड करून लग्न मोडलं. तेव्हाच्या कायद्यात नवऱ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या बायकोला, तक्रार खरी ठरली तरी, दोन वर्षांची शिक्षा होती. ली छिंगचाओ नऊ दिवस तुरुंगात होती. दरबारातल्या एका नातलगाने मध्ये पडून तिला सोडवलं. मिंग आणि छिंग काळातल्या (चौदावं ते विसाव्याची सुरुवात) कित्येक विद्वानांनी पुढे ठासून सांगितलं की असं दुसरं लग्न झालंच नाही. एवढी मोठी कवयित्री पुनर्विवाह करेल हे त्यांना सोसेना. बाईची कविता टिकवायची तर आधी तिचं चारित्र्य धुऊन घ्यायचं, ही खोड आपल्याला परकी नाही.

तिच्याच शतकातल्या चू शूचनच्या कविता तिच्या आईवडिलांनी जाळल्या, असं तिच्या संग्रहाच्या 1182 च्या प्रस्तावनेत नोंदलेलं आहे. शंभरातली एकही उरली नाही, असं तो संपादक लिहितो. मिंगच्या उत्तरार्धापासून मात्र चित्र बदलतं. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या सधन घरांत मुली शिकू लागल्या, आया मुलींना शिकवू लागल्या, कविमंडळं जमली, संग्रह छापले गेले. विसाव्या शतकात हू वनकाइ यांनी केलेल्या सूचीत चार हजारांहून अधिक लेखिकांच्या नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक छिंग काळातल्या. त्या संग्रहांची नावं वाचत गेलं की दोन नावं पुन्हा पुन्हा येतात: ‘कशिद्यातून उरलेल्या वेळातली लिखाणं’ आणि ‘जाळून उरलेली लिखाणं’. पहिल्या नावातून बाई सांगते की घरकाम संपवूनच मी लेखणी धरली. दुसऱ्यातून सांगते की मी माझं लिखाण जाळायलाही तयार होते. दोन्ही परवानगीचे कागद आहेत. ‘बाईला बुद्धी नसणं हाच तिचा सद्गुण’ अशी म्हण ज्या समाजात रुळली होती, तिथे ही वाक्यं मुखपृष्ठावर लिहिल्याशिवाय पुस्तक घराबाहेर पडत नव्हतं. या काळावर काम करायचं असेल तर कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने मिंग-छिंग काळातल्या स्त्रियांच्या लिखाणाचा संग्रह इंटरनेटवर मोफत ठेवला आहे, मूळ छापील पानांच्या प्रतिमांसह. मी साताऱ्यात बसून तीनशे वर्षांपूर्वीची पानं चाळली ती त्याच्याच जोरावर.

जानेवारी 2023 मध्ये चीनने बाहेरून येणाऱ्यांचं विलगीकरण रद्द केलं आणि फेब्रुवारीत मी निघाले. विद्यार्थी व्हिसाला प्रवेशपत्र आणि शिष्यवृत्तीधारकांचा जेडब्ल्यू-201 फॉर्म, दोन्हींच्या मूळ प्रती लागतात; झेरॉक्स करून मूळ प्रती हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण उतरल्यावर त्या पुन्हा लागतात. थेट विमानं तेव्हा बंद होती, मी बँकॉकमार्गे गेले. तिथे पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे निवासाची नोंद (वसतिगृहात असाल तर कार्यालय करून देतं), मग तिथल्या केंद्रात वैद्यकीय फॉर्मची पडताळणी, आणि तीस दिवसांच्या आत निवास परवाना. एक वर्षाच्या आतल्या परवान्याला 400 युआन, एक ते तीन वर्षांच्या परवान्याला 800. परवाना होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो, त्या दिवसांत रेल्वेचा प्रवास ठरवू नका.

माझा विषय कसा बदलला ते आता सांगते. मार्गदर्शक लाओशींकडे मी ली छिंगचाओ ते आजच्या कवयित्री असा भलामोठा आराखडा घेऊन गेले. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे विचारलं, तुझ्याकडे असं काय आहे जे इथल्या विद्यार्थ्यांकडे नाही? मी ओव्यांबद्दल सांगू लागले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या हजारो आज आवाजासकट इंटरनेटवर ऐकता येतात, पहाटे दळताना बायका त्यात माहेर, सासर, भाऊ, लेक सगळं बोलून टाकत. लाओशी बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, मग तू च्यांगयोंगला जायला हवंस.

च्यांगयोंगच्या लिपीला न्यूशू म्हणतात, म्हणजे बायकांचं लेखन. शाओ नदीच्या काठच्या काही गावांतल्या शेतकरी बायका ती वापरत. चिनी अक्षराला अर्थ असतो. न्यूशूचं अक्षर तिथल्या बोलीतला एक उच्चार दाखवतं, त्यामुळे काही शेकडा अक्षरांत सगळं भागतं. ओळी उभ्या, उजवीकडून डावीकडे. मजकूर जवळजवळ सगळा पद्यात, बहुतेक सात-सात अक्षरांच्या ओळींत, आणि तो मनात वाचायचा नसून म्हणायचा. बाहेरच्या जगाला 1980 च्या दशकात ती नीट कळली. तिथल्या सांस्कृतिक विभागातले चोउ शुओयी 1950 च्या दशकापासून तिच्या मागे होते, पण राजकीय मोहिमेत ‘उजवे’ ठरवून त्यांना बाजूला केलं गेलं आणि मधली वीसेक वर्षं वाया गेली. जन्मापासून त्या परंपरेत वाढलेल्या यांग ह्वानयी 2004 मध्ये वारल्या. 2006 मध्ये न्यूशूच्या चालीरीतींना चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत जागा मिळाली, 2017 मध्ये लिपीला युनिकोडमध्ये.

डिसेंबर 2023 मध्ये विषयमान्यतेची बैठक झाली. तिकडे हा मोठा टप्पा असतो. पाच शिक्षक समोर बसतात, तुम्ही दहा-पंधरा मिनिटं बोलता आणि मग ते विषयाची काटछाट करतात. मला मिळालेला शेरा जवळपास प्रत्येकाला मिळतो: विषय फार मोठा आहे. न्यूशूतली आत्मचरित्रपर गाणी, देवीला केलेले नवस, कथागीतं सगळं वगळून फक्त ‘तिसऱ्या दिवसाची पत्रं’ ठेवायला सांगितलं. बाहेर आल्यावर वाईट वाटलं होतं. आता वाटतं की प्रबंध वेळेत झाला तो त्या काटछाटीमुळेच.

ही पत्रं म्हणजे काय ते समजायला तिथलं लग्न समजून घ्यावं लागतं. मुली वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकत्र बसून शिवण-टिपण करत, पावलं बांधलेली असल्यामुळे शेतावर फारसं जाणं नसे. त्यातल्या काही जणी शपथ घेऊन बहिणी होत. मग एकेकीचं लग्न ठरे, दुसऱ्या गावात. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माहेराहून सासरी फराळ जाई आणि त्यासोबत कापडी बांधणीची एक वही. तिच्यात आईने, बहिणींनी, शपथेच्या मैत्रिणींनी न्यूशूत लिहिलेली पद्यपत्रं. सासरच्या बायका ती वही जमून म्हणून दाखवत आणि नवरीचं माहेर किती शिकलेलं, किती जीव लावणारं आहे याचा अंदाज बांधत.

मे 2024 मध्ये मी च्यांगयोंगला गेले. विभागाचं शिक्का मारलेलं ओळखपत्र आधी काढून घेतलं होतं आणि ते फार कामी आलं. त्याशिवाय स्थानिक कार्यालयात कुणी बोलत नाही, त्यासह गेलं की चहा मिळतो. चांगशाहून हाय-स्पीड रेल्वेने योंगचौ, तिथून बस. परदेशी पासपोर्ट रेल्वेच्या स्वयंचलित फाटकावर बहुधा चालत नाही, माणूस बसलेल्या खिडकीतून जावं लागतं, म्हणून स्टेशनवर थोडं आधी पोचा. तालुक्याच्या गावात एका छोट्या लॉजने परदेशी माणसाची नोंद करता येत नाही म्हणून रात्री परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी खोली मिळाली. आरक्षण करताना फोन करून हा एक प्रश्न विचारून घ्या.

संग्रहालय फूमेइ गावात आहे, नदीवरचा झुलता पूल ओलांडून जायचं. काचेच्या पेटीतली वही मी कितीतरी वेळ पाहत होते. तळहातापेक्षा थोडी मोठी, निळं सुती कापड लावलेलं, कडेला लाल पट्टी. उघडलेल्या पानावर तिरकी, बारीक, लांब पायांची अक्षरं. गावातले लोक त्यांना डासांसारखी म्हणत, आणि खरंच तशीच दिसतात. पण मजकूर सुरुवातीच्या मोजक्या पानांवरच. पुढची सगळी पानं कोरी. ती मुद्दाम कोरी सोडत, कारण नवरीने त्यात आपले कशिद्याचे नमुने आणि दोरे ठेवायचे आणि पुढे स्वतःचं लिहायचं. एका वहीच्या शिवणीजवळ रंगीत दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला होता.

पत्रांतला मजकूर ठरावीक घडणीचा असतो. लेखणी उचलून लिहिते, वरच्या मजल्यावर तुझ्याविना करमत नाही, आपण मुलगे असतो तर एकाच गावात जन्मभर राहिलो असतो, मग सासूशी कसं वागावं याचे बोल, आणि शेवटी सासरच्यांना विनवणी की ही अजून लहान आहे, तिला सांभाळून घ्या. पहिल्या वाचनात हे सगळं एकसुरी विलाप वाटतं. तसं लिहिलेलंही पुष्कळ आहे. पण लिपी शिकवणाऱ्या एका आजींपुढे बसून मी एक पत्र ओळ-ओळ म्हणायला शिकले, तेव्हा माझं मत पक्कं झालं की ही पत्रं काम करणारी पत्रं आहेत. नवरीच्या घरच्यांची पत सासरी मांडणं, तिच्या पाठीशी माणसं आहेत हे चारचौघांत ऐकवणं, आणि मैत्रिणींचं नातं लग्नाने मोडत नाही याची लेखी नोंद ठेवणं, ही ती कामं. वंशावळीच्या पोथीत या बायकांची नोंद फक्त माहेरच्या आडनावाने होत असे. स्वतःची म्हणावी अशी लेखी नोंद त्यांच्यासाठी या वहीतच होती. माझ्या प्रबंधाचं सगळं म्हणणं एवढंच आहे: या कविता या बायकांची कागदपत्रं होती, आणि ती तशीच गांभीर्याने वाचायला हवीत.

न्यूशूला ‘गुप्त भाषा’ म्हणतात त्याचा मला राग येतो. ती भाषाच नाही, बोली बायका-पुरुषांची एकच. आणि गुप्त म्हणावं तर ती गाणी अंगणात मोठ्याने म्हटली जात, पुरुषांच्या कानावर पडत. त्यांनी ती लिपी शिकायची तसदी घेतली नाही, इतकंच. हे त्या आजींनीही मला सांगितलं, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वाडगा पुढे सरकवत, अगदी सहज. त्यांच्याकडे आल्यागेल्याला तेलात परतलेल्या चहापत्तीचा, आलं घातलेला खारट चहा देतात आणि वर चुरमुरे टाकतात. मला तो फार आवडला.

मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर संमतीपत्र चिनीत, मोठ्या अक्षरांत, एका पानात करा आणि ते वाचून दाखवा. म्हाताऱ्या बायका सही करायला बिचकतात. बोलण्याच्या सुरुवातीला तोंडी संमती मुद्रित केली तरी आमच्या विभागात चालत होतं, पण हे आपापल्या ठिकाणी आधी विचारा.

त्यानंतरचे नऊ-दहा महिने लिहिण्यात गेले. एम.ए.च्या प्रबंधाला तिकडे साधारण तीस हजार चिनी अक्षरांची अपेक्षा असते. ओव्यांचं प्रकरण मी आधी मराठीत लिहिलं आणि मग चिनीत नव्याने. तुलना करताना एक फरक मला महत्त्वाचा वाटला: ओवी जात्यावर एकटीने किंवा दोघींनी म्हणायची, ती ऐकणारी बहुधा बाईच, तिसऱ्या दिवसाचं पत्र सासरच्या घरात, अनोळखी माणसांपुढे म्हटलं जायचं. म्हणून ओवीत सासूला तोंडावर बोल लावता येतो आणि पत्रात सासूची मनधरणी करावी लागते. दुःख सारखं असलं तरी ऐकणारं कोण आहे त्यावर शब्द ठरतात. थंडीत चांगशाच्या वसतिगृहात बोटं गारठायची, हीटर अपुरा पडायचा, आणि फेब्रुवारीत असं वाटायचं की हे काही पूर्ण होत नाही. तेव्हा मार्गदर्शकांनी एक गोष्ट सांगितली जी मी पाळली: रोज थोडं लिही आणि त्या दिवसाचं त्याच दिवशी पाठव, चांगलं-वाईट मी पाहते.

मार्च 2025 मध्ये साम्य-तपासणी. चिनी प्रबंध सीएनकेआय नावाच्या, प्रबंध आणि शोधनिबंधांच्या संग्रहाशी ताडून पाहतात आणि ठरावीक टक्क्यांवर साम्य निघालं तर प्रबंध पुढे जात नाही. कवितेवर काम करणाऱ्यांना इथे खास धोका आहे, कारण उद्धृत केलेली प्रत्येक प्राचीन ओळ साम्यात मोजली जाते. अवतरणचिन्हं आणि तळटीप प्रत्येक उद्धरणाला द्या. अहवालात अवतरणं वगळून काढलेला आकडा वेगळा येतो, तोच विभागाला दाखवता येतो. विद्यापीठाची तपासणी होण्याआधी स्वतः एकदा करून घ्या. 2022 पासून सीएनकेआय व्यक्तींसाठीही ती सेवा देतं, हजार अक्षरांना दीड युआन दराने. मला साधारण साठ युआन पडले. न्यूशूची अक्षरं असतील तर पीडीएफमध्ये फाँट बसवून ठेवा, नाहीतर परीक्षकाला सगळीकडे रिकामे चौकोन दिसतील.

मग परीक्षकांकडे प्रबंध निनावी जातो. तुमचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, ऋणनिर्देश, सगळं काढून टाकायचं. बायकांची नावं कागदावर आणण्याबद्दलचा प्रबंध मी माझं नाव पुसून पाठवला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यू श्वानजीला मिळाली नाही ती संधी हीच, की बाई आहे हे न पाहता कुणीतरी तिचं लिखाण वाचावं. निकालाला महिनाभर लागला. हे दिवस सगळ्यात अवघड. रोज सकाळी पोर्टल उघडायचं, ‘परीक्षणाधीन’ वाचायचं, बंद करायचं. मी त्या दिवसांत आजच्या कवयित्री वाचत होते. शू थिंगची 1970 च्या दशकाच्या अखेरची ओक वृक्षाला उद्देशून लिहिलेली कविता, जिच्यात बाई वेल होऊन बिलगायला नकार देते आणि शेजारी स्वतःच्या मुळांवर झाड म्हणून उभी राहते. हूपेइच्या खेड्यातली, सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मलेली यू श्यूहुआ, जी स्वतःच्या देहाच्या इच्छेबद्दल बोलते आणि देशभर वाचली जाते. आणि तोंगक्वानच्या कारखान्यांत काम केलेली चंग श्याओछ्योंग. कारखान्यात कामगार मुलींना क्रमांकाने हाक मारत. तिने 2012 च्या संग्रहात कवितांना त्या मुलींची नावंच शीर्षक म्हणून दिली. ते वाचून मी प्रबंधाच्या शेवटी तिच्यावर एक परिच्छेद घालायचं ठरवलं.

एप्रिलच्या अखेरीस दोन्ही अहवाल आले. एक चांगला, दुसऱ्यात दुरुस्त्या: ओव्यांच्या प्रदेशांबद्दल जास्त नेमकेपणा हवा, आणि ‘पीडित स्त्री’ अशी घाऊक भाषा टाळा. दुसरा शेरा अगदी रास्त होता. दुरुस्त्यांचा तक्ता करावा लागतो: शेरा काय, काय बदललं, कुठल्या पानावर. तो मन लावून करा, तोंडी परीक्षेत अध्यक्ष तोच हातात घेऊन बसतात.

तोंडी परीक्षा मेच्या मध्यावर झाली. वेळ चाळीस मिनिटं. मला आधी पोटात गोळा आला होता, पण पहिला प्रश्न ऐकला आणि हात थरथरायचे थांबले, कारण तो मी स्वतःला वर्षभर विचारत होते: पत्रांची घडण ठरावीक असेल तर त्यातून एका बाईचं आयुष्य कसं वाचणार? मी म्हटलं, ली छिंगचाओची प्रत्येक ओळ तिच्या चरित्राला जोडून वाचायची सवयही तितकीच फसवी आहे. तिनेही ठरावीक चालींवर, ठरावीक प्रतिमांत लिहिलं. घडण सगळ्यांची सारखी असते, म्हणूनच एखादी बाई तिथे काय गाळते आणि कुठे जास्त रेंगाळते ते दिसतं. मग मी एका पत्राचं उदाहरण दिलं. त्यात मैत्रीण नेहमीचा उपदेश दोन ओळींत उरकते आणि स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूवर तब्बल दहा ओळी लिहिते. लग्नाच्या पत्रात. अध्यक्षांनी त्या ओळी मला बोलीत म्हणून दाखवायला सांगितल्या. आजींनी शिकवलेल्या चालीत मी म्हटल्या. कागद खाली ठेवला तेव्हा माझ्या मार्गदर्शक डोळे पुसत होत्या. पाचही मतं बाजूने पडली.

पुढचं सगळं कागदोपत्री: अंतिम प्रत ग्रंथालयात जमा, ग्रंथालयाचं आणि वसतिगृहाचं थकबाकी नसल्याचं पत्र, बँक खातं बंद. पदवीचं प्रमाणपत्र आणि शिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र असे दोन वेगळे कागद मिळतात, दोन्ही घ्या. तिकडच्या पदवीचं सरकारी साक्षांकन तिकडे असतानाच करून आणा; इथे आल्यावर ते कुरिअरने करणं महाग आणि वेळखाऊ पडतं. आपल्याकडून नेण्याच्या शैक्षणिक कागदांनाही आधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी असते. पुस्तकं पोस्टाने पाठवायची तर निवास परवाना संपायच्या तीन आठवडे आधी पाठवा, म्हणजे काही अडलं तर तुम्ही तिथे असता.

सध्या मी त्या पत्रांपैकी काहींचा मराठी अनुवाद करते आहे. पत्रांच्या प्रती ज्या संस्थांकडे आहेत त्यांच्याकडे छायाचित्रं छापण्याची परवानगी मागितली आहे. एकीचा होकार आला आहे, बाकी दोघींनी आणखी एक फॉर्म भरायला सांगितला आहे, तो या आठवड्यात जाईल. संमतीपत्राचा आणि दुरुस्त्यांच्या तक्त्याचा चिनी नमुना माझ्याकडे आहे, ज्यांना लागेल त्यांनी मागावा.